चार्जिंगला लावलेली रात्र

भाईंदर स्टेशन सुटलं की गाडी खाडीपुलावर चढते. पलीकडे नायगाव, त्यापुढे वसई रोड. रोज लाखो माणसं हे पाणी ओलांडतात, आणि पोलिसांच्या नकाशातही १ ऑक्टोबर २०२० पासून दोन्ही तीर एकाच आयुक्तालयात आहेत. त्यामुळे वसई पूर्वेच्या रामदास नगरात २३ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे जे झालं, ते आम्हा भाईंदरकरांसाठी कुठल्या लांबच्या गावचं नाही. घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी फुटली. हॉलमध्ये आजीजवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला. माणिकपूर पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली ती आठवड्याने, तो गेल्यावर.

बातम्यांत हे सगळं ‘बॅटरीचा स्फोट’ एवढ्या दोन शब्दांत मावलं. ते वाचून वाटतं, क्षणात घडलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. तारखा आणि तास ओळीने मांडले की तसं वाटत नाही. म्हणून हा घटनाक्रम.

सहा महिने आधी

२५ मार्च २०२२ च्या रात्री तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये नव्या ई-स्कूटरला चार्जिंगला लावून घर झोपलं. आग लागली, धूर घरात कोंडला आणि वडील व तेरा वर्षांची मुलगी गुदमरून गेले. दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या लोहगाव-धानोरी भागात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली. तिचा व्हिडिओ देशभर फिरला. ९ एप्रिलला नाशिकमध्ये कंटेनरवर चढवलेल्या चाळीसपैकी वीस स्कूटर जळाल्या. पुण्यात आणि नाशकात माणसं वाचली, आणि चर्चा मात्र याच दोन घटनांची जास्त झाली, कारण त्यांची चित्रं होती. वेल्लोरच्या बंद घरात कॅमेरा नव्हता.

पाच महिने आधी

या यादीत मी सर्वांत जास्त थांबतो ते निझामाबादपाशी. तेलंगणातल्या या शहरात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका गृहस्थाने स्कूटरची काढती बॅटरी मध्यरात्रीनंतर चार्जिंगला लावली. कुठे, तर घरातली वडीलधारी माणसं आणि मूल जिथे झोपलं होतं त्याच खोलीत. पहाटे चारच्या सुमारास ती फुटली. ऐंशी वर्षांचे आजोबा गेले. गाडी नवी नव्हती, वर्षभर वापरात होती. म्हणजे शेकडो वेळा तीच बॅटरी तशीच लावली गेली असेल, आणि शेकडो वेळा काहीही झालं नसेल. घरच्या माणसाचा विश्वास बसतो तो असाच.

चार दिवसही झाले नाहीत तोच विजयवाड्यात आणखी एक. बेडरूममध्ये चार्जिंगला लावलेली बॅटरी, एक दिवसापूर्वी घेतलेली गाडी, घरातला कर्ता पुरुष मृत.

२१ एप्रिलला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितलं, की निष्काळजीपणा आढळला तर कंपनीला मोठा दंड होईल आणि सदोष गाड्या परत मागवायला लावू. तज्ज्ञांची समिती नेमली. डीआरडीओच्या आग व स्फोटकं सुरक्षेच्या केंद्राकडे तपास गेला. बॅटरी पॅकच्या रचनेतच गंभीर दोष असल्याचं त्यातून पुढे आलं.

म्हणजे मे संपेपर्यंत देशाला एवढं माहीत होतं : या बॅटऱ्या चालत्या रस्त्यावर पेटतात तशाच घरात, रात्री, चार्जिंगला असताना फुटतात, आणि तेव्हा जीव जातो तो शेजारी झोपलेल्याचा.

बावीस दिवस आधी

१ सप्टेंबरला रस्ते वाहतूक मंत्रालयाने सांगितलं की ई-वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीच्या एआयएस-१५६ या मानकात नव्या अटी घातल्या आहेत आणि त्या १ ऑक्टोबरपासून सक्तीच्या होतील. या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत, कारण घरात काय चुकतं ते त्यांतून उलट्या बाजूने कळतं. बॅटरी भरली की चार्जरने आपण होऊन थांबलं पाहिजे. सुरुवातीलाच पूर्ण करंट न सोडता हळूहळू वाढवला पाहिजे. बॅटरी पार उतरलेली असेल तर ते आधी ओळखून तिला वेगळं वागवलं पाहिजे. घरातला व्होल्टेज वरखाली झाला, जमिनीकडे वीज गळू लागली, तर सावध झालं पाहिजे. एक सेल तापला तर त्याची उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पोचता कामा नये, आतल्या वायूला बाहेर पडायला वाट हवी, आणि पॅकमध्ये काही बिघडू लागलं तर दिवा लागून आवाज होऊन माणसाला कळलं पाहिजे.

शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. झोपलेल्या माणसाला दिव्याचा उपयोग नाही, आवाजाचा आहे.

अकरा दिवस आधी

१२ सप्टेंबरच्या रात्री सिकंदराबादला एका हॉटेलच्या इमारतीत तळाला असलेल्या ई-बाइकच्या शोरूममधून आग उठली. धूर जिन्याने वर चढला. वरच्या मजल्यांवर उतरलेले आठ जण गेले. इमारतीचा जिना म्हणजे अशा धुरासाठी चिमणीच, आणि आपल्याकडच्या जुन्या चार मजली इमारतींत जिन्याखालीच मीटर, तिथेच गाड्या, तिथेच एक्स्टेंशन बोर्ड. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

रात्री अडीच

२३ सप्टेंबर, शुक्रवार उजाडायला अजून चार तास होते. रामदास नगरातल्या त्या घरी वडिलांनी बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावली आणि ते आतल्या खोलीत झोपायला गेले. हॉलमध्ये आजी आणि नातू.

‘रात्री अडीचला कशाला लावायची,’ असं तेव्हा खूप लोक म्हणाले. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या इमारतीत बहुधा पार्किंगला प्लग असतो. मिरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई या पट्ट्यात ई-बाइक वापरणारा माणूस कोण, ते रात्री अकरानंतर कुठल्याही नाक्यावर उभं राहून बघा. जेवणाची पार्सलं पोचवणारा, दुकान बंद करून परतणारा, शेवटच्या लोकलने उतरलेला. त्याला सकाळी पुन्हा निघायचं असतं. बॅटरी भरायला तीन-चार तास लागतात, आणि एवढा सलग वेळ त्याच्याकडे फक्त झोपेचा असतो. खाली प्लग नाही. असला तर सोसायटी लावू देत नाही. बॅटरी खाली ठेवली तर चोरीला जाते. म्हणून दहा-बारा किलोचा तो ठोकळा हँडलला धरून जिन्याने वर येतो. घरात मोकळा प्लग असतो टीव्हीपाशी, आणि टीव्ही असतो हॉलमध्ये. आपल्या घरांत हॉल ही रात्री झोपायची खोलीही असते. आजी-नातवंडं हॉलमध्ये आणि नवराबायको आत, हे महामुंबईतल्या किती घरांत चालतं ते मी सांगायला नको.

त्या वडिलांनी केलं ते आजही आपल्या शेजारी रोज होतं. दोष द्यायचाच तर तो आधी दुसरीकडे द्यावा लागेल. तिकडे पुढे येतोच.

पहिला तास

इथून पुढे आत काय होत जातं ते सांगतो. तपासात पोलिसांनी कारण म्हणून बॅटरी अति तापल्याचं सांगितलं. ती तापते कशी, याला ठरलेल्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वेळ लागतो.

साधा ई-बाइकचा लिथियम पॅक घ्या : ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तास. यात जवळपास ११५० वॅट-तास ऊर्जा मावते, म्हणजे सुमारे साठ मोबाइल फोनची एका डब्यात. सहा अँपिअरचा चार्जर ती चार तासांत भरतो. पहिला भाग सोपा असतो. चार्जर ठरलेला करंट देत राहतो, व्होल्टेज हळूहळू वर चढतो, लाल दिवा लागलेला असतो, पंखा फिरतो. चार्जर हाताला कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर काहीतरी बिघडलं आहे. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील, प्लॅस्टिक पिवळट झालं असेल, जळकट किंवा मासळीसारखा वास येत असेल, चार्जर गुणगुणत असेल, तर तो त्याच वेळी बंद करायचा आणि पुन्हा लावायचा नाही. हे सगळं पहिल्या तासातच कळतं, फक्त कुणीतरी जागं पाहिजे.

दोन गोष्टी या तासाच्याही आधी ठरलेल्या असतात. एक, बॅटरी आत्ताच चालवून आणली आहे का. दिवसभर पळालेली बॅटरी आतून तापलेली असते, तिला अर्धा-पाऊण तास निवू द्यावं लागतं. रात्री उशिरा घरी पोचलेला माणूस तेवढा वेळ जागत बसत नाही. दोन, तिने पाणी पाहिलं आहे का. सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे पावसाचा शेवटचा महिना. मिरा रोडला आणि वसईला जून-जुलैत गुडघाभर पाण्यातून गाडी काढलेली असते. पॅकमध्ये शिरलेला ओलावा आतल्या जोडण्यांना हिरवा गंज चढवतो, आणि त्याचे परिणाम पाणी ओसरल्यावर दोन महिन्यांनी दिसतात.

दुसरा तास

चार्जरचं काम फक्त वीज देणं नाही. कुठे थांबायचं हे त्याला कळलं पाहिजे. लिथियम सेलची बहुतेक प्रकारांत वरची मर्यादा ४.२ व्होल्ट. ४८ व्होल्टच्या पॅकमध्ये असे तेरा गट ओळीने जोडलेले असतात, म्हणून योग्य चार्जर ५४.६ व्होल्टला थांबतो. आता बाजारातला दुसरा चार्जर घ्या. त्याच्यावरही ‘४८ व्होल्ट’ असंच लिहिलंय, पण तो लेड-ॲसिड बॅटरीसाठी बनवलेला आहे. तो ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. ५८.८ ला तेराने भागा : प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टहून जास्त. पिन बसते, लाल दिवा लागतो, गाडी चार्ज होते. काही चुकलंय याची कसलीही खूण नाही.

बिघडलेल्या चार्जरबद्दल माझं सर्वांत आग्रहाचं म्हणणं इथेच आहे. बंद पडलेला चार्जर धोक्याचा नसतो. तो चार्ज करत नाही, माणूस दुकानात जातो. धोक्याचा असतो तो चालू राहणारा. चार्जरच्या आत एक छोटी साखळी असते, जी बाहेर जाणारा व्होल्टेज सतत मोजून आतल्या भागाला ‘आता पुरे’ असं सांगते. तिच्यातला एखादा भाग म्हातारा झाला, कपॅसिटर सुकले, धुळीने पंखा अडला, सोल्डर तडकलं, की निरोप पोचत नाही आणि व्होल्टेज वर सरकतो. बाहेरून चार्जर तसाच दिसतो. शंभर-दोनशे रुपयांत तो ‘रिपेअर’ करून मिळतो, दुरुस्तीनंतर व्होल्टेज किती येतो हे मीटर लावून क्वचितच कुणी दाखवतं. ते दाखवायला सांगणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरने दोन मिनिटांत होणारं काम आहे : चार्जर बॅटरीला न जोडता त्याचा आउटपुट मोजायचा आणि बॅटरीच्या लेबलवरच्या चार्जिंग व्होल्टेजशी ताडायचा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आउटपुट देतच नाहीत, तिथे मेकॅनिकला जोडून मोजायला सांगायचं. एक व्होल्टही वर असेल तर तो चार्जर घरी न्यायचा नाही.

ज्या गाड्यांत अजून लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत त्यांच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. भरल्यानंतरही चार्जिंग चालू राहिलं तर त्यातून हायड्रोजन सुटतो, आणि बंद खोलीत त्याला एक ठिणगी पुरते.

तिसरा तास

मर्यादा ओलांडली की सेलच्या आत रसायन बदलू लागतं. जास्तीचं लिथियम ठरलेल्या जागी न मावता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं, टोकदार वाढतं, मधल्या पातळ पडद्याकडे सरकतं. वायू तयार होऊन सेल फुगतो. अजून धूर नाही, ज्वाळा नाही.

इथे शेवटचा पहारेकरी असतो बीएमएस, म्हणजे पॅकच्या आतलं नियंत्रण सर्किट. ते प्रत्येक गटाचा व्होल्टेज आणि तापमान बघतं आणि गडबड दिसली की चार्जिंग तोडतं. चांगल्या पॅकमध्ये चार्जर चुकला तरी बीएमएस वाचवतं. स्वस्त पॅकमध्ये तापमानाचा सेन्सर एकच असतो आणि तोही भलत्याच कोपऱ्यात, किंवा करंट तोडणारा स्विच आधीच जळून कायमचा चालू अवस्थेत चिकटलेला असतो. मेकॅनिकने ‘बॅटरी उचलत नाही’ म्हणून बीएमएस बाजूला करून थेट तारा जोडलेल्या असू शकतात. तेरा गटांतला एकच म्हातारा झाला असेल तर बाकीचे बारा भरायच्या आधी तो मर्यादेपलीकडे गेलेला असतो, आणि एकूण व्होल्टेज मात्र बरोबर दिसतो. महिनाभर न वापरता पार उतरलेला पॅक एकदम पूर्ण करंटने चार्ज केला तरी आतून असंच नुकसान होतं.

घरातला एमसीबी का पडला नाही, असा प्रश्न येतो. चार्जर घरच्या लाइनवरून दीड-दोन अँपिअरच घेतो, इस्त्रीपेक्षाही कमी. बॅटरी आतून मरायला टेकली तरी भिंतीवरच्या एमसीबीला सगळं सुरळीतच दिसतं. तो तारांचं रक्षण करण्यासाठी असतो, बॅटरीचं नव्हे. त्याच्या भरवशावर झोपणं चूक आहे, आणि हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलेलं आहे.

शेवटची मिनिटं

एका सेलचं तापमान ऐंशी-नव्वद अंशांपुढे गेलं की त्याच्या आतलं संरक्षक आवरण तुटू लागतं आणि तुटताना आणखी उष्णता सोडतं. चार्जर आता काढला तरी उपयोग होईलच असं नाही. उष्णता आतूनच येते आहे. एकशे तीसच्या आसपास मधला पडदा वितळतो, दोन टोकं एकमेकांना भिडतात. दोनशेच्या आसपास अनेक प्रकारच्या सेलमध्ये कॅथोड स्वतःचा ऑक्सिजन सोडतो. जळायला लागणारं द्रव, उष्णता, ऑक्सिजन सगळं डब्यातच. म्हणूनच चादर टाकून, माती टाकून ही आग गुदमरत नाही.

बाहेर याच्या खुणा येतात : फुसफुस असा आवाज, औषधी गोडसर वास, पांढरट धूर. तो धूर वाफेसारखा दिसतो पण त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतं, श्वासाला घातक आणि पेट घेणारं. खोलीत तो साठला की एका ठिणगीने उडतो. पहिल्या फुसफुशीपासून स्फोटापर्यंत काही वेळा मिनिटं मिळतात, काही वेळा सेकंद. जागा असलेला माणूस एवढ्यात एकच गोष्ट करू शकतो : मुलांना आणि म्हाताऱ्यांना उचलून खोलीबाहेर काढणं, दार ओढून घेणं आणि १०१ किंवा ११२ ला फोन करणं. मेन स्विच वाटेत असेल तर पाडावा. बॅटरी उचलून गॅलरीत न्यायचा प्रयत्न करू नये.

उजाडण्यापूर्वी

ती पहाटे फुटली. आजीला किरकोळ इजा झाली. मुलाचं शरीर सुमारे सत्तर टक्के भाजलं. त्याला रुग्णालयात नेण्यात आलं.

भाजल्यानंतरचे पहिले तास या गोष्टीत सर्वांत कमी लिहिले जातात. भाजलेल्या भागावर नळाचं साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही. चिकटलेले कपडे ओढायचे नाहीत. पण ते लहान भाजण्याचं झालं. लहान मुलाचं एवढं शरीर भाजलं की त्याच्या अंगातलं पाणी झपाट्याने निघून जातं आणि अंग गार पडू लागतं, त्याला स्वच्छ कोरड्या चादरीत गुंडाळून तडक दवाखाना गाठावा लागतो. भाजलेल्यांसाठी खास सोय असलेली रुग्णालयं या भागातून जवळ नाहीत : ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, भायखळ्याचं मसिना, चिंचपोकळीचं कस्तुरबा. वसईहून यातलं कुठलंही गाठायला घोडबंदर किंवा हायवे पार करावा लागतो. लाखोंची वस्ती असलेल्या या पट्ट्यात भाजलेल्यांसाठी स्वतंत्र सुसज्ज कक्ष हवा, ही मागणी बॅटरीच्या आधीपासूनची आहे. स्टोव्ह आणि सिलिंडरने भाजलेल्या बायकांनी ती कधीच करून ठेवली आहे.

चौथा दिवस

२७ सप्टेंबर. मुलगा रुग्णालयात होता. त्या दिवशी मंत्रालयाने जाहीर केलं, की एआयएस-१५६ च्या नव्या अटी १ ऑक्टोबरला एकदम लागू न होता दोन टप्प्यांत होतील : पहिला १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून.

मुदत वाढवण्यामागे कारणं होती. चाचण्यांच्या सोयी मोजक्या, पॅकची रचना बदलायची म्हणजे कारखान्यातला साचाच बदलायचा, अनेक छोटे उत्पादक. वसईच्या बॅटरीवर १ ऑक्टोबरच्या तारखेने फरक पडला नसता, ती आधीच बनून विकली गेली होती, हेही खरं. तरी मला या तारखेचा राग येतो. वेल्लोरपासून सहा महिने गेले होते. सिकंदराबाद सोडलं तर माणसं मेली होती ती सगळी एकाच पद्धतीने, आणि दर वेळी चार्जिंग, रात्र, घर हे तीन शब्द होते. त्या सहा महिन्यांत अटी पूर्ण न करणारा माल विकू नका एवढं तरी सांगता आलं असतं, आणि विकलेल्या गाड्यांच्या मालकांना एक साधी सूचना घरपोच देता आली असती. मोबाइलवर बँकेची, गॅसची, मतदानाची सूचना येते. ‘बॅटरी झोपायच्या खोलीत चार्ज करू नका’ ही आली नाही.

सातवा दिवस

३० सप्टेंबरला मुलगा गेला.

त्यानंतर

दोन्ही टप्पे ठरल्या तारखांना लागू झाले. नव्या नोंदणीकृत गाड्यांच्या बॅटऱ्या त्यामुळे सुधारल्या, यात शंका नाही. पण रात्री आमच्या जिन्याने वर जाणाऱ्या अनेक बॅटऱ्या या गाड्यांच्या नाहीत. २५० वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेली ई-बाइक कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला नंबरप्लेट नाही, आरटीओत नोंद नाही, लायसन्स लागत नाही. गरिबाला परवडते ती हीच. दुसऱ्या बाजूला, चांगल्या गाडीचीही मूळ बॅटरी काही वर्षांत थकते आणि मग नाक्यावरच्या दुकानात जुळवलेला पॅक बसतो, चार्जर हरवला की मिळेल तो चार्जर येतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीची चाचणी होते. दुकानात जुळवलेल्या पॅकची आणि सुट्या चार्जरची कोण करतं?

घरापुरतं करता येईल ते वर त्या-त्या तासात सांगितलं आहे. संध्याकाळी घरी असताना, जागेपणी चार्ज करणं आणि झोपताना प्लग काढणं हे त्यातलं पहिलं. पण पहाटे परतणाऱ्या माणसाला हे सांगून भागत नाही. त्याला जागा हवी. केंद्राने २०१९ मध्येच नमुना बांधकाम नियमांत बदल करून पार्किंगच्या वीस टक्के जागेत ईव्हीची सोय ठेवायला सांगितलं, पण ते नव्या बांधकामांना. भाईंदर पूर्व-पश्चिमेच्या, शांतीनगरच्या, वसई-नालासोपाऱ्याच्या जुन्या इमारतींना कुणी विचारत नाही, आणि तिथल्या समित्या ‘खाली चार्जिंग नको, आग लागेल’ असं म्हणून बॅटरी चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पाठवतात. आग लागेल ही भीती खरी आहे. तिच्यावरचा हा उपाय मात्र आगीला झोपलेल्या मुलांजवळ नेऊन ठेवतो.

महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. मिरा-भाईंदर आणि वसई-विरारच्या प्रत्येक सोसायटीच्या यंदाच्या विषयपत्रिकेत एक विषय असावा, आणि ठरावात नेमकेपणाने एवढं लिहिलेलं असावं : कंपाउंडच्या उघड्या बाजूला, जिन्यापासून, मीटर रूमपासून आणि गॅसच्या पाइपपासून दूर, पत्र्याच्या छपराखाली, काढत्या बॅटऱ्यांसाठी कुलूप लागणारे जाळीचे कप्पे, प्रत्येकात १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबी, सगळ्यांवर एक ईएलसीबी आणि ठरलेल्या वेळानंतर वीज तोडणारा टायमर, वर धूर ओळखून वाजणारा भोंगा, ज्याचा आवाज वॉचमनच्या केबिनपर्यंत जाईल, जवळ पाण्याचा नळ आणि लांब पाइप. वीज कंपनीकडून वेगळा मीटर घ्यावा, दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा वेगळा वर्ग आहे. खर्च वापरणाऱ्यांकडून युनिटप्रमाणे वसूल करावा. आणि भाडेकरूलाही कप्पा मिळेल, ही ओळ ठरावात स्वतंत्र टाकावी, कारण ई-बाइकवर रात्री काम करणारे बहुतेक जण भाड्याने राहतात आणि सभेत त्यांना मत नसतं.